छताकडे बोट न दाखवता लागलेलं लग्न

२०२५ च्या फेब्रुवारीत माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. महूच्या पुढे, जिथे माळव्याचं पठार संपतं आणि विंध्याचा कडा निमाडाकडे उतरू लागतो, तिथे आमच्या आत्याच्या सासरचं शेत आहे. हरभरा काढून रिकाम्या झालेल्या वावरात मांडव घातला होता. तेव्हापासून इंदूरच्या आणि बाहेरगावच्या बऱ्याच मंडळींनी विचारलं, "ते विज्ञानाचं लग्न म्हणे, म्हणजे नक्की काय केलंत?" काहींनी कौतुकानं विचारलं, काहींनी जरा तिरकसपणे. सगळ्यांना एकदम उत्तर द्यावं म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करतो. मंत्रांऐवजी कुणी सूत्रं म्हटली नाहीत आणि होमाच्या जागी प्रयोगशाळेतला दिवाही नव्हता. अंतरपाट, मंगलाष्टकं, होम, सप्तपदी, सगळं झालं. माझी बहीण वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. आहे. मेहुणे ग्वाल्हेरचे, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि त्यांना आकाशनिरीक्षणाचा नाद आहे. दोघांचं म्हणणं एकच होतं, "विधी गाळायचे नाहीत, आणि त्यांना विज्ञानाचा मुलामाही द्यायचा नाही. पण विधीत जे बघायला सांगितलं आहे, ते खरंच बघायचं." मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे याद्या, वेळापत्रक आणि वायरिंग माझ्या गळ्यात पडलं.

वाद कशावरून झाला

घरात वाद झाला, पण तो विज्ञानावरून नव्हता. तो माणसांच्या आकड्यावरून होता.

शेतात दीडशे-पावणेदोनशे माणसांची सोय नीट होऊ शकत होती. आमची मूळ यादी सहाशेच्या वर होती. काका तडकले. "आयुष्यभर गावाचं जेवण खाल्लं आपण, आणि आपल्या घरचं कार्य निघालं की जंगलात पळायचं?" त्यांचं चुकत नव्हतं. इंदुरातली आमची मराठी माणसं एकमेकांना भेटतात ती मुख्यतः दोनच ठिकाणी, गणेशोत्सवात आणि लग्नात. ज्यांनी चार पिढ्या आपल्याला पानावर बसवलं, त्यांना बोलावायचं नाही, ही गोष्ट बाबांनाही टोचत होती. ते बोलत नव्हते, एवढंच.

तोडगा आईनं काढला. लग्न शेतात, मोजक्या माणसांत. पुढच्या रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात सगळ्या गावाला पोहे-जिलेबी आणि चहा. आहेर नाही, स्टेज नाही, नवरा-नवरीनं सगळ्यांत फिरून भेटायचं. खरं सांगायचं तर त्या सकाळी जितक्या गप्पा झाल्या तितक्या कुठल्याच रिसेप्शनच्या रांगेत झालेल्या मी पाहिलेल्या नाहीत. काका शेवटपर्यंत दाराशी उभे राहून लोकांना पुन्हा पोहे घ्यायला लावत होते.

एक दिवस, दोन महिने

मुहूर्त बघायला गुरुजी घरी आले तेव्हा मेहुण्यांची एकच अट होती. संध्याकाळ काळोखी हवी. म्हणजे चंद्र उशिरा उगवणारा, अर्थात वद्य पक्ष. गुरुजींनी पंचांग पाहून माघ वद्य सप्तमीच्या आसपासचा गोरज मुहूर्त काढला. त्या तिथीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो.

पत्रिका छापताना गंमत झाली. आमच्या पंचांगात तो माघ महिना, तर शेजारच्या शर्मा-वर्मांच्या पंचांगात त्याच दिवशी फाल्गुन! कारण आपला मराठी महिना अमावास्येला संपतो, आणि उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, वद्य पक्षात ते एक नाव पुढे असतात. इंदूर-ग्वाल्हेरकडे राहणाऱ्या मराठी घरांत हा गोंधळ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. आम्ही पत्रिकेवर दोन्ही छापले आणि खाली दोन ओळींत कारण दिलं. ती पत्रिका फ्रिजवर लावून ठेवल्याचं तीन-चार घरांतून कळलं.

'प्री-वेडिंग शूट'ऐवजी दोघं उज्जैनच्या वेधशाळेत गेली. सवाई जयसिंहानं अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा पुढे पडझडीला आली होती. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात तिचा जीर्णोद्धार झाला आणि तिचे पहिले अधीक्षक होते गोविंद सदाशिव आपटे, म्हणजे आपलाच मराठी ज्योतिर्विद. जुन्या भारतीय ज्योतिषाची शून्य रेखा उज्जैनवरूनच जाते असं मानत. आमचं शेत त्या रेखेपासून फारसं दूर नाही. तिथल्या सम्राट यंत्राच्या सावलीवरून दोघांनी वेळ काढली, घड्याळाशी ताडून पाहिली आणि फरक का येतो हे समजून घेतलं. भारतीय प्रमाण वेळ ८२.५ अंश रेखांशाची, आणि आपण जवळजवळ ७६ अंशांवर. म्हणजे इंदूरचा सूर्य घड्याळाच्या सव्वीस-सत्तावीस मिनिटं मागे चालतो. त्यात फेब्रुवारीत सूर्य आणखी तेरा-चौदा मिनिटं उशीर करतो. त्या दिवशी आमच्याकडे मध्यान्ह झाली ती बारा चाळीसला.

घटिका बुडते कशी

'लग्नघटिका' हा शब्द आपण सगळेच वापरतो. घटिका म्हणजे २४ मिनिटं, दिवसरात्रीच्या ६० घटिका. पण ती मोजायचे कशी? पाण्यानं भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवायची. भोकातून पाणी हळूहळू आत येतं आणि वाटी बुडते. ती बुडाली की एक घटिका भरली.

मेहुण्यांनी हे घटिकापात्र घरी बनवलं. तांब्याची वाटी घेतली आणि सुईच्या टोकाएवढं भोक पाडलं. पहिल्या खेपेला ती बुडायला पाऊण तास लागला. मग रोज थोडं थोडं घासून भोक मोठं करत गेले. त्यातही एक मेख होती. कोमट पाणी गार पाण्यापेक्षा सहज वाहतं, म्हणून दुपारी वाटी लवकर बुडायची आणि पहाटे उशिरा. शेवटी लग्नाच्या वेळी शेतावर पाणी जितकं गार असेल तितक्या पाण्यातच ती जुळवली.

त्या संध्याकाळी सूर्य सहा पंचवीसच्या सुमारास मावळणार होता. सहा वाजता गुरुजींनी घंगाळात वाटी सोडली. सगळी पोरं भोवती कोंडाळं करून बसली. शेवटची दोन मिनिटं कुणी बोललं नाही. वाटीच्या काठावरून पाणी आत आलं, वाटी तिरपी झाली, गुडुप झाली, आणि गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. पलीकडच्या पायवाटेनं गुरं घरी परतत होती, त्यांच्या पायांची धूळ उन्हाच्या शेवटच्या तिरिपीत सोनेरी दिसत होती. गोरज हा शब्द मी तोवर फक्त पत्रिकांवर वाचला होता.

मांडव, पत्रावळ आणि शिवारफेरी

मांडव बांबूचा, वर आंब्या-जांभळाचे डहाळे. फुलं विकत फारशी आणलीच नाहीत. विंध्याच्या उतारावर पळस नुकता पेटायला लागला होता. गावातल्या बायकांनी खाली पडलेली फुलं टोपल्या भरून आणून दिली आणि त्याचे पैसे घेतले. पत्रावळीही पळसाच्या पानांच्या, ज्याला इकडे खाकरा म्हणतात. जेवणात दाल-बाफले, लाडू, गराडू आणि आपली अळूची भाजी, मठ्ठा, पुरणपोळी. बाफले शेतातच गोवऱ्यांवर भाजले. जेवण झाल्यावर पत्रावळी थेट खताच्या खड्ड्यात गेल्या.

सकाळी बहिणीनं पाहुण्यांना शिवारफेरीला नेलं. हळद लागलेली नवरी पुढे आणि मागे चाळीस माणसं! पायाखालची काळी माती म्हणजे झिजलेला बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्यांचं हे पठार. सह्याद्रीही त्याच लाव्हाचा, म्हणून पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना खडक ओळखीचे वाटले. मुलांना तिनं सांगितलं की इथून पश्चिमेला धार जिल्ह्यात आणि नर्मदेच्या खोऱ्यात डायनासोरची अंडी सापडली आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली होती. त्यानंतर प्रत्येक गोल दगड खिशात जायला लागला.

मला स्वतःला आवडली ती पाणलोटाची गोष्ट. जवळच जानापावचा डोंगर आहे, तिथे चंबळ उगम पावते. या कड्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस चंबळेतून यमुनेला, गंगेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो. दक्षिणेला पडलेला पाऊस नर्मदेतून अरबी समुद्रात जातो. हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब, आणि देशाच्या दोन टोकांना जातात. यावर मुलीकडच्या आणि मुलाकडच्या मंडळींनी काय काय विनोद केले ते इथे लिहीत नाही.

रात्रीचं दर्शन

आता मुख्य गोष्ट. लग्नविधीत वधूवरांना ध्रुव आणि अरुंधतीचं दर्शन घ्यायला सांगितलेलं आहे. हल्ली लग्न सकाळी अकराला, एसी हॉलमध्ये. तिथे गुरुजी वर बोट दाखवतात, नवरा-नवरी वर बघतात, आणि वर पंखा असतो. आमच्या गुरुजींना ही कल्पना सांगितली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "तीस वर्षं झाली, मी छताकडे बोट दाखवतोय. मलाही एकदा तारा दाखवू द्या."

अंधार जपायचा हे काम माझं होतं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक पांढरा दिवा ती क्षणात घालवतो. म्हणून जेवणाच्या जागेचे दिवे खाली तोंड केलेले, वाटेवरचे कंदील लाल कागद लावलेले. फटाके नाहीत, डीजे नाही. जेवणं आटोपली तसे बाकीचे दिवे एकेक करून बंद केले. कुणीतरी मोबाइल पेटवला की चारही बाजूंनी पोरंच ओरडायची.

पश्चिमेला शुक्र होता. मेहुण्यांच्या सहा इंची दुर्बिणीतून तो चक्क कोरीसारखा दिसला. माझ्या मामेबहिणीच्या कपाळावर चंद्रकोर होती, ती म्हणाली, "माझ्यासारखाच आहे की!" डोक्यावर मृग, जवळच रोहिणीपाशी गुरू. गुरूचे चार चंद्र एका रेषेत. मिथुनेत तांबूस मंगळ. त्याच्याकडे बघून मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हाच का तो? याच्यापायी माझी दोन स्थळं मोडली." सगळे हसले, तीही हसली, पण दुर्बिणीपाशी पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.

पावणेनऊच्या सुमारास दक्षिणेला, कड्याच्या पलीकडे, अगस्ती दिसला. क्षितिजापासून जेमतेम दीड मूठ वर. अगस्ती दक्षिणेला गेले आणि त्यांच्यासाठी विंध्य वाकला तो वाकलेलाच राहिला, ही गोष्ट आजीनं आम्हाला लहानपणी सांगितली होती. विंध्यावर उभं राहून अगस्तीकडे बघताना ती कुणाला सांगावी लागली नाही.

ध्रुव तर दिसत होताच. मेहुण्यांनी दोघांच्या विधीत एक छोटीशी टीप जोडली. ध्रुवाला आपण अढळ म्हणतो. पण पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा घेतो, त्यामुळे ध्रुवपद बदलत राहतं. आणखी बारा हजार वर्षांनी अभिजित त्या जागेच्या जवळ असेल. "तोपर्यंत अढळ राहू," असं ते बहिणीला म्हणाले. सासूबाईंनी लगेच घड्याळ बघितलं.

अरुंधतीसाठी मात्र थांबावं लागणार होतं. फेब्रुवारीत सप्तर्षी ईशान्येला वर यायला रात्रीचे साडेदहा वाजतात. मला भीती होती की तोवर निम्मी माणसं निघून जातील. थंडी वाढत होती. पण शाली गुंडाळून, शेकोटीऐवजी गरम दुधाचे पेले हातात घेऊन, बहुतेक सगळे थांबले.

सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला अगदी चिकटलेली बारीक अरुंधती. चांगली नजर असली तर दोन वेगळे दिसतात. हे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात हे आपल्या पूर्वजांना माहीत होतं, म्हणून नवरा-नवरीला ते दाखवतात, असा एक संदेश दर लग्नसराईत फिरतो. मेहुण्यांनी तो स्पष्टपणे खोडून काढला. नुसत्या डोळ्यांनी हे कुणालाही कळणं शक्य नाही, आणि ते दोघं खरोखर एकमेकांना बांधलेले असले तरी एका फेरीला लाखो वर्षं लागतील. दुर्बिणी आणि वर्णपटांवरून आज माहीत आहे ते असं की वसिष्ठ म्हणून दिसणारा ठिपका चार ताऱ्यांचा आहे आणि अरुंधती दोन. म्हणजे तिथे एक जोडपं नाही, सहा जणांचं एकत्र कुटुंब आहे. हे ऐकल्यावर काकांचा राग बहुधा पूर्ण गेला.

वधूवरांनी पाहिलं. मग आजीची पाळी. आजीला त्र्याऐंशीवं वर्ष लागलेलं, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. नुसत्या डोळ्यांनी तिला एकच तारा दिसला. मेहुण्यांनी हातातली दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली आणि कोपर टेकायला खुर्चीचा हात दिला. ती बराच वेळ हलली नाही.

मग म्हणाली, "एकसष्ट साली, राजवाड्यामागच्या वाड्यात, गुरुजींनी आम्हाला रात्री अंगणात नेलं होतं. 'दिसली का?' म्हणाले. मी 'हो' म्हटलं. मला काही दिसलं नव्हतं रे. नवी नवरी, सगळे बघताहेत, नाही कसं म्हणणार? आज दिसली."

वसिष्ठ-अरुंधतीचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण ८३ वर्षं लागतात. मेहुण्यांनी तिला सांगितलं, "आजी, तुम्ही आत्ता बघितला तो प्रकाश तुमच्या जन्माच्या आसपास निघालाय." आजी म्हणाली, "बरं झालं, दोघंही पोचलो."

असं लग्न करायचं असेल तर

काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण फोनवर त्याच सर्वांत जास्त विचारल्या जातात.

हे लग्न स्वस्त पडेल असं समजू नका. सजावट, स्टेज, बँड यांत वाचतं, ते तात्पुरती स्वच्छतागृहं, पाण्याचा टँकर आणि बस यांत जातं. स्वच्छतागृहांत हात आखडू नका, आणि ती म्हाताऱ्या माणसांच्या बसायच्या जागेपासून जवळ हवीत. वावरातल्या ढेकळांतून खुर्ची नेता येत नाही, म्हणून एक वाट आधीच सपाट करून घ्या. फेब्रुवारीत दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी असते. पत्रिकेतच शाल आणायला सांगा. काढलेल्या पिकाचं बुडखं वाळलेलं असतं, होमाच्या भोवती माती टाकून पाण्याच्या बादल्या भरून ठेवा. गावाला विश्वासात घ्या. मुक्कामाला राहणाऱ्यांची सोय आम्ही गावातल्या घरांत केली होती, त्यामुळे ते लग्न थोडं त्यांचंही झालं. आणि ढग आले तर काय, हे आधी ठरवा. आमच्याकडे दुसरी योजना म्हणजे रविवारी मंडळाच्या गच्चीवर पुन्हा दुर्बीण लावायची, एवढीच होती.

शेत नसलं तरी चालतं. गच्ची पुरते. ध्रुव शोधायला उत्तरेकडे तोंड करा. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश असते. ध्रुव क्षितिजापासून जवळजवळ तेवढ्याच अंशांवर दिसतो जेवढे आपल्या गावाचे अक्षांश. ग्वाल्हेरला २६, म्हणजे अडीच मुठींच्या थोडं वर. इंदूर आणि वडोदऱ्याला २२-२३, सव्वादोन मुठी. हैदराबादला १७ च्या पुढे, पावणेदोन मुठी. बेळगाव आणि पणजीला १६ च्या आसपास, जेमतेम दीड मूठ, म्हणून तिथे उत्तरेचं क्षितिज मोकळं हवं. एप्रिल-मेच्या लग्नात सप्तर्षी अंधार पडताच उंच असतात, अरुंधतीसाठी त्याहून सोयीचे दिवस नाहीत. तुळशीच्या लग्नानंतरच्या, मार्गशीर्षातल्या लग्नात ते मध्यरात्रीनंतरच वर येतात. तेव्हा संध्याकाळी ध्रुव बघा आणि अरुंधतीसाठी पहाटे उठा.

घरातल्या एखाद्या मोठ्या माणसालाही बरोबर घ्या. आणि गुरुजींनी "दिसली का?" विचारलं, तर जे खरं असेल तेच सांगा.